एक बँडसॉ असताना दुसरा छोटा कशाला? आणि घ्यायचाच तर कोणता?

(या भागात बोललेलं सगळं इथे मजकूर स्वरूपात आहे. अडखळणं आणि "म्हणजे म्हणजे" काढून टाकलंय, बाकी तसंच ठेवलंय.)

 

गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. "दादा, तुझ्याकडे १४ इंची बँडसॉ आहे. मग हा दुसरा छोटा का घेतलास? आणि आम्ही घ्यायचा तर काय बघायचं?" आज फक्त एवढंच. ब्रँडचं नाव घेणार नाही, कारण मॉडेल वर्षभरात बदलतात. पण काय मोजायचं ते कळलं, तर पुढच्या पाच वर्षांत बाजारात येईल त्या कुठल्याही मशीनला तुम्ही स्वतः पास-नापास करू शकाल.

आधी माझी गरज

तळेगावला घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे दोन माणसं काम करतात. शनिवार-रविवार मी, आणि बाकीचे पाच दिवस बाबा. मी हिंजवडीत कोड लिहितो. बाबा रिटायर्ड फिटर आहेत, वय ६४. मी फर्निचर करतो, म्हणजे सागवानाचे ठोकळे उभे चिरून पातळ फळ्या काढणं, हे माझं मुख्य काम. बाबा लाकडी खेळणी करतात. गाड्या, हत्ती, कोडी. सगळी वळणं.

अडचण इथेच आहे. चिरायला रुंद ब्लेड लागतं, वळायला अरुंद. मशीन एक, ब्लेड दोन. दर सोमवारी बाबांनी माझं ब्लेड उतरवायचं, दर शनिवारी मी त्यांचं. एका बदलात ताण सोडा, ब्लेड काढा, नवं चढवा, चाकावर मध्यात आणा, ताण द्या, वरचे-खालचे गाइड पुन्हा लावा. नीट केलं तर १५ मिनिटं. आठवड्याला दोनदा म्हणजे वर्षाला २६ तास. त्यात बाबांचं मनगट दुखतं. मोठ्या मशीनचा ताणाचा स्क्रू फिरवणं त्यांना जड जातं, आणि मी घरी नसताना ते अर्धवट ताणावर काम उरकतील ही भीती मला होती.

म्हणून दुसरं मशीन. तुमचं कारण वेगळं असेल, पण ते असं एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. नाही आलं, तर पैसे खिशात ठेवा.

थांबा, जिगसॉने भागेल का?

महिन्यातून दोन-तीनदाच वळण कापायचं असेल, तर जिगसॉ पुरे. ६ मिमी प्लायमध्ये नक्षी, अगदी बारीक आतली भोकं, हे काम असेल तर स्क्रोल सॉ घ्या. बँडसॉचं ब्लेड हे सलग वर्तुळ असतं, त्यामुळे फळीच्या मधोमध भोक पाडून त्यातून ते ओवता येत नाही. स्क्रोल सॉला ते जमतं.

बँडसॉ कुठे जिंकतो? १८ ते ५० मिमी जाड लाकूड, बाहेरच्या कडेची वळणं, आणि एकसारखे वीस नग. जिगसॉचं पातं जाड लाकडात खाली वाकतं, मग वर बरोबर आणि खाली तिरकं कापलं जातं. बँडसॉचं ब्लेड वर-खाली दोन्हीकडे ताणून धरलेलं असतं, म्हणून कड काटकोनात येते. खेळण्यातल्या गाडीची कड तिरकी आली की तेवढा वेळ घासण्यात जातो.

वळणाचं गणित: किती सुताचं ब्लेड?

आपले सुतारकाका "सूत" म्हणतात ना, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बँडसॉची ब्लेडं त्याच हिशोबात मिळतात. कुठलं ब्लेड किती लहान वळण घेतं, याचे सर्वसाधारण आकडे असे. हे त्रिज्येचे आहेत, व्यासाचे नाहीत, हे लक्षात ठेवा.

- एक सूत, म्हणजे ३ मिमी: साधारण ५ मिमी त्रिज्या
- दीड सूत, म्हणजे ५ मिमी: साधारण ८ मिमी
- दोन सूत, म्हणजे ६ मिमी: साधारण १६ मिमी
- तीन सूत, म्हणजे १० मिमी: साधारण ३७ मिमी
- चार सूत, म्हणजे १३ मिमी: साधारण ६४ मिमी
- सहा सूत, म्हणजे १९ मिमी: साधारण १३८ मिमी

आता बघा. माझ्या मोठ्या मशीनवर सहा सुताचं ब्लेड कायम चढवलेलं असतं. त्याने १३८ मिमीपेक्षा लहान वळण होत नाही. बाबांच्या गाडीच्या चाकावरची कमान १२ मिमी त्रिज्येची. म्हणजे त्यांना दीड सूत किंवा त्याहून बारीकच हवं. दोघांच्या कामात सामाईक असं एकही ब्लेड नाही. दुसऱ्या मशीनचा निर्णय खरं तर या यादीनेच झाला.

तुम्हीही हेच करा. तुमच्या कामातलं सगळ्यात लहान वळण मोजा. नाण्याभोवती रेघ मारून बघितलं तरी चालतं. ती त्रिज्या या यादीत शोधा, आणि घ्यायचं मशीन तेवढं अरुंद ब्लेड चालवतं का ते माहितीपत्रकात बघा. "कमाल रुंदी" सगळे मोठ्या अक्षरात छापतात. आपल्याला हवी आहे "किमान रुंदी".

लहान मशीन कमकुवत असतं ना? हो, आणि इथे ते चालतं

हा मुद्दा मला सगळ्यात आवडतो, कारण हे चक्क पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स आहे.

ब्लेड सरळ राहायला त्यात ताण लागतो. साध्या कार्बन स्टीलच्या ब्लेडला साधारण १०० मेगापास्कल धरतात. आता सहा सुताचं ब्लेड घ्या: १९ मिमी रुंद, ०.६ मिमी जाड. क्षेत्रफळ ११.४ चौरस मिमी. म्हणजे ब्लेडच्या एका बाजूला ११४० न्यूटन, आणि ब्लेडच्या दोन बाजू चाकाला ओढतात, म्हणून एकूण २२८० न्यूटन. जवळपास २३० किलोचं ओझं! एवढं पेलायला जाड पोलादी किंवा बिडाची फ्रेम लागते.

आता दोन सुताचं पातळ ब्लेड: ६ मिमी रुंद, ०.३५ मिमी जाड. क्षेत्रफळ २.१ चौरस मिमी, एकूण ओढ ४२० न्यूटन. साधारण ४३ किलो. पाचपटीपेक्षा कमी! हे टेबलावर ठेवायचं छोटं मशीन आरामात पेलतं.

म्हणून लोक जेव्हा म्हणतात, "अरे त्या ९ इंचीची फ्रेम वाकते," तेव्हा विचारा, कुठलं ब्लेड लावून? रुंद ब्लेड लावून चिरायला बसलात तर वाकणारच. दुसरं मशीन हे पहिल्याची छोटी नक्कल म्हणून घेऊ नका. अरुंद ब्लेड एकदा चढवायचं आणि तिथेच राहू द्यायचं, एवढंच त्याचं काम.

चाक किती इंची?

बँडसॉची साइज म्हणजे चाकाचा व्यास. ९ इंची म्हणजे चाक साधारण २२५ मिमी. ब्लेडपासून मागच्या खांबापर्यंतची जागा त्यापेक्षा किंचित कमी. बाबांचं सगळ्यात मोठं खेळणं २०० मिमी रुंद, म्हणून ९ इंची पुरलं. उंचीत ९ इंची मशीनमध्ये सहसा ९० मिमीच्या आसपास लाकूड जातं. खेळण्याला ५० मिमीच्या वर लागत नाही.

पण लहान चाकाची एक किंमत असते. ब्लेड प्रत्येक फेरीत चाकावर वाकतं आणि परत सरळ होतं. मिनिटाला शेकडो वेळा. तार पुढे-मागे वाकवून आपण तोडतो ना, तेच. किती वाकतं याचा अंदाज सोपा आहे: ब्लेडची जाडी भागिले चाकाचा व्यास.

०.६ मिमीचं ब्लेड ३५० मिमीच्या चाकावर: ०.१७ टक्के. तेच ब्लेड २२५ मिमीच्या चाकावर: ०.२७ टक्के. दीडपटीहून जास्त, म्हणून ते लवकर तडकतं. पण ०.३५ मिमीचं ब्लेड २२५ मिमीच्या चाकावर: ०.१६ टक्के. म्हणजे पुन्हा मोठ्या मशीनइतकंच. निष्कर्ष काय? लहान चाकाला पातळ ब्लेडच. दुकानात "कितीही जाडीचं चालेल" असं कोणी म्हणालं तर मान डोलवा आणि ०.३५ मिमीच मागा.

याच कारणाने तीन चाकांची छोटी मशीन मी यादीतून काढली. तीन चाकं असली की मागे जागा जास्त मिळते, कागदावर आकडा छान दिसतो. पण चाकं आणखी लहान, आणि ब्लेड एका फेरीत दोनऐवजी तीनदा वाकतं.

दात किती?

नियम एकच: कापताना किमान तीन दात लाकडात असले पाहिजेत. १८ मिमी फळीला इंचाला ६ दात लावले तर चार दात आत राहतात, चालतं. १० दात लावले तर सात, कड जास्त गुळगुळीत पण वेग कमी. ६ मिमी प्लायला १४ दात हवेत. उलट जाड लाकडाला बारीक दात लावू नका. दातांमधल्या खाचेत भुसा मावत नाही, ब्लेड तापतं, लाकूड करपतं. बाबांच्या मशीनवर १० दातांचं ब्लेड आहे, सागाच्या १८ मिमी तुकड्यांसाठी.

मोटर, आणि परदेशातून मागवायचा मोह

अरुंद ब्लेडला ताकद फार लागत नाही. २५० ते ३७० वॅट, म्हणजे एक-तृतीयांश ते अर्धा हॉर्सपॉवर, पुरे. बघायचं ते मोटरचा प्रकार. इंडक्शन मोटर घ्या. ब्रशवाली मोटर किंचाळते. घर लागून असेल, दुपारी शेजारच्या काकू झोपत असतील, तर हा फरक तांत्रिक राहत नाही, सामाजिक होतो.

अमेरिकेतला भाऊ किंवा मित्र येतोय, त्याच्याबरोबर मागवू का, असं दोघांनी विचारलं होतं. नको. तिकडचं मशीन १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज कमी करता येतं, हर्ट्झ नाही. इंडक्शन मोटर त्यामुळे सुमारे सतरा टक्के हळू फिरते. लाकडाला त्याचं काही नाही, पण मोटरच्या गाभ्यात चुंबकीय भार वाढतो आणि ती तापते. शिवाय व्हिडिओतली अमेरिकन मशीन बघून वेगाची तुलना करताना हा फरक लक्षात घ्या.

जुनं घ्यायचं असेल तर सुतारी कारखान्यातून निघालेली बिडाची मशीन मिळतात. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास चौकशी करा. पण बरीचशी थ्री-फेजवर चालणारी, मोठी, आणि चाकांवर झाकण नसलेली असतात. पहिल्या मशीनसाठी विचार करता येईल. दुसऱ्या, छोट्या मशीनसाठी त्यात अर्थ नाही.

दुकानात उभं राहून काय तपासायचं

फोनवर हा भाग सुरू ठेवून दुकानात गेलात तरी चालेल.

१. प्लग काढून वरचं चाक हाताने फिरवा. चाक डुगडुगतं का? रबराचा पट्टा कुठे फुगलाय, तडकलाय का?

२. चाक फिरवताना ब्लेड एका जागी राहतं, की पुढे-मागे नाचतं? थोडं चालतं. दर फेरीला एकाच ठिकाणी उडी मारत असेल तर ब्लेडचा वेल्ड वाकडा आहे, दुसरं लावून बघा. तरीही नाचलं तर चाक वाकडं.

३. गाइड ब्लेडच्या दातांमागे सरकवता येतात का? एक सुताच्या ब्लेडला मागे जागाच किती उरते! बेअरिंगचे गाइड एवढे पुढे-मागे होत नसतील तर ते दातांवर येतात आणि दातांची धार व फाक दोन्ही मारतात. अशा वेळी लाकडाचे किंवा फायबरचे ठोकळे बसवता येतील अशी रचना हवी.

४. वरचा गाइड वर-खाली करताना ब्लेडशी सरळ रेषेत राहतो का? खाली बरोबर आणि वर तिरका होत असेल, तर प्रत्येक जाडीला पुन्हा जुळवत बसावं लागेल.

५. टेबलावर गुण्या ठेवून ब्लेड काटकोनात आहे का बघा. मग टेबल ४५ अंश तिरकं करून परत आणा. पुन्हा काटकोन आला का? आला तर त्याचा स्टॉप नीट आहे.

६. ब्लेडची लांबी विचारा, आणि तिथेच गावातल्या ब्लेड वेल्ड करून देणाऱ्याला फोन लावा. "एवढ्या लांबीचं, दीड सूत, ०.३५ जाडीचं करून देता का?" तो हो म्हणाला तरच पैसे द्या. ९ इंची मशीनची लांबी सहसा ५९ ते ६२ इंचांत असते. पण अर्धा इंच इकडे-तिकडे झालं तरी बसत नाही. मशीन एकदाच घ्यायचं असतं, ब्लेड दर काही आठवड्यांनी.

बोटं दहाच आहेत

बाबा शेडमध्ये एकटे असतात. म्हणून माझ्या यादीत पहिली अट अचूकतेची नव्हती, स्विचची होती. लाईट गेली की मशीन थांबतं. साधा स्विच असेल तर लाईट आल्यावर ते आपोआप सुरू होतं, आणि तेव्हा माणूस ब्लेडवरचा भुसा झटकत असू शकतो. "नो व्होल्ट" स्विच असला तर लाईट आली तरी पुन्हा बटण दाबल्याशिवाय मशीन चालू होत नाही. मशीनला नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे यावर तडजोड नाही.

चाकांच्या दरवाजाला स्विच असावा, दार उघडलं की मशीन बंद. आणि बंद केल्यावर ब्लेड लगेच थांबत नाही हे डोक्यात ठेवा. आवाज गेला तरी पट्टी फिरत असते.

बाबांनी स्वतःच भिंतीवर चार ओळी खडूने लिहिल्यात. वरचा गाइड लाकडाच्या ५-६ मिमीच वर. हातमोजे नाहीत. गोल दांडा कापायचा तर व्ही-खाचेच्या ठोकळ्यात बसवूनच, नाहीतर ब्लेड तो फिरवतं आणि हात ओढतं. आणि वळणात अडकलात तर मशीन बंद करूनच लाकूड मागे घ्या, चालू असताना ओढलंत तर ब्लेड चाकावरून उतरतं.

भुशाचंही तसंच. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने गट १ मध्ये ठेवलंय, म्हणजे माणसात कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. सागाच्या धुळीने अनेकांना खाजही सुटते. छोट्या मशीनला धूळ काढायचं नळकांडं आहे का, आणि तुमच्या व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप त्यात बसतो का, हे बघा. मास्क वेगळा, तो लागतोच.

विकायचा विचार असेल तर

एक गोष्ट कोणी सांगत नाही. आपल्याकडे बँडसॉ हे नुसतं अवजार नाही. लाकूड-आधारित उद्योगांसाठी केंद्राची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. कुठल्या उद्योगाला परवान्यातून सूट, हे ठरवताना बँडसॉ वापरता का, हा त्यात निकष आहे. घरी छंद म्हणून खेळणी करणं वेगळं, पण ऑर्डर घ्यायला लागलात, दोन मशीन लावलीत, तर आधी तुमच्या वन परिक्षेत्र कार्यालयात जाऊन लेखी विचारा. आणि लाकूड घेताना वखारीतून पावती घ्या, जपून ठेवा. बाबा सध्या खेळणी वाटतात, विकत नाहीत.

शेवटी आम्ही काय घेतलं

९ इंची, दोन चाकं, इंडक्शन मोटर, किमान एक सुताचं ब्लेड चालणारं, नो व्होल्ट स्विच असलेलं. वजन वीस किलोच्या आसपास, त्यामुळे बाबांना बसून काम करता येईल अशा उंचीच्या टेबलावर ते ठेवलंय, खाली चार बोल्टने घट्ट. ताणाचा स्क्रू दोन बोटांनी फिरतो, कारण ओढच चाळीस किलोची आहे. मोठ्या मशीनवरचं सहा सुताचं ब्लेड आता फक्त बोथट झालं की उतरतं.

तुमचं उत्तर वेगळं असू शकतं. क्रम मात्र हाच ठेवा: आधी सगळ्यात लहान वळण मोजा, त्यावरून ब्लेड ठरवा, ब्लेडवरून चाक, मग सुरक्षा, आणि सगळ्यात शेवटी किंमत. दुकानदार बरोबर उलट्या क्रमाने सुरुवात करतो.

पुढच्या भागात ब्लेड जुळवणं, म्हणजे ट्रॅकिंग आणि गाइड, पहिल्यापासून करून दाखवतो. तुमच्या मशीनचा आवाज कसा येतो त्याची दहा सेकंदांची व्हॉइस नोट पाठवा, काही निवडक त्या भागात ऐकवू. तोपर्यंत काळजी घ्या, बोटं सांभाळा. भेटूच!